सव्वीस मतांची पुस्ती

१७९३ च्या जानेवारीत सोळाव्या लुईला काय शिक्षा द्यायची यावर फ्रान्सच्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे क्रांतीनंतर निवडून आलेल्या राष्ट्रीय सभेत, मतदान झालं, तेव्हा पहिलं नाव पुकारलं गेलं ज्याँ-बाप्तिस्त मैय याचं. ओत-गारोन प्रांताचा हा वकील. राजावर खटला चालवण्याचा अधिकार सभेला आहे, हा अहवाल दोनच महिन्यांपूर्वी त्यानेच मांडला होता, त्यामुळे तो काय म्हणणार याबद्दल कुणाला शंका नसावी. तो व्यासपीठावर चढला, ‘मृत्युदंड’ म्हणाला, आणि उतरण्याआधी त्याने मताला एक पुस्ती जोडली: बहुमत मृत्युदंडाच्या बाजूने पडलं, तर अंमलबजावणी लांबवावी का, यावर सभेने चर्चा करणं योग्य ठरेल. बस, एवढंच. पण आता हे मत कुठल्या रकान्यात लिहायचं? मृत्युदंडाच्या? की ‘मृत्युदंड, पण’ अशा नव्याच रकान्यात? त्याच्यानंतर आणखी पंचवीस जणांनी तीच पुस्ती जोडून मत दिलं. फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल वाचताना गिलोटिन, बास्तील, रोबेस्पिएर यांच्या गर्दीत हे सव्वीस जण सहज निसटतात. एकदा दिसले की मात्र डोक्यातून जात नाहीत.

त्या मतदानाचा अधिकृत आकडा असा आहे. मतं पडली ७२१. बिनशर्त मृत्युदंड ३६१. मैयच्या पुस्तीसह मृत्युदंड २६. मृत्युदंड, पण लांबणीवर टाकलेला, अशी या ना त्या अटीची मतं ४६. कैद किंवा हद्दपारी २८६. बेड्या २. आता बेरीज कशी करायची ते तुम्ही ठरवा. फक्त बिनशर्त धरले तर राजाच्या मरणाला ३६१ मतं, म्हणजे ७२१ भागिले दोन, अपूर्णांक सोडून, अधिक एक. एक मत कमी पडतं तर बहुमतच नव्हतं. पुस्तीवाले धरले तर ३८७. अटीवालेही धरले तर ४३३. तोच कागद, तीच मतं, आणि बहुमत एकाचं, त्रेपन्नांचं की एकशे पंचेचाळिसांचं, हे मोजणाऱ्याच्या हाती.

राजाच्या मानेवर हे तीन आकडे एकाच वेळी ठेवलेले होते.

सभा भरायची ती ट्युलरी राजवाड्याशेजारच्या जुन्या घोडेस्वारी शाळेत. लांबट, अरुंद दालन, आवाज एका टोकाचा दुसऱ्या टोकाला धड न पोचणारा. मतदान गुप्त नव्हतं. प्रांताप्रांताने नाव पुकारायचं, सभासदाने व्यासपीठावर जाऊन सगळ्यांसमोर बोलायचं, हवी तर कारणं द्यायची. १६ च्या संध्याकाळी सुरू झालेला हा क्रम रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस चालला. मेर्सिए नावाचा लेखक स्वतः सभासद होता. त्याने लिहून ठेवलंय की सज्ज्यात बायका बर्फाची मिठाई आणि संत्री खात होत्या, मद्याचे पेले फिरत होते, आणि काही जणी हातातल्या पत्त्यांवर टाचणीने भोकं पाडून कुठल्या बाजूला किती मतं झाली याचा हिशेब ठेवत होत्या. राजाचा चुलतभाऊ फिलिप एगालिते वर आला आणि त्यानेही मृत्युदंड म्हटलं. संत्र्याच्या सालींचा वास, जानेवारीची थंडी, पेंगुळलेले सभासद आणि वरून खाली बघणारी गर्दी. मतदान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्याचा आडोसा आणि शांतता येते; इथे त्यातलं काहीच नव्हतं.

याच सभागृहात मार्की द कोंदोर्से बसला होता. मतं कशी मोजावीत याचं गणित त्या घडीला पृथ्वीवर त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी, १७८५ मध्ये, त्याने बहुमताच्या निर्णयांवर संभाव्यतेचं गणित लावणारा एक जाडजूड ग्रंथ छापला होता. जवळजवळ दोनशे पानांची प्रस्तावना, पुढे तीनशे पानं समीकरणं. वाचायला भयंकर. प्रबोधनकाळातल्या इतर मंडळींना वाक्यांची नशा होती. व्होल्तेर चिमटे काढतो, रूसो रडवतो. कोंदोर्से मात्र पानामागून पान चिन्हं मांडत जातो, आणि कित्येकदा मुद्दा कुठे हरवला हे त्यालाही कळत नसावं असं वाटतं. तरीही स्वातंत्र्य-समतेच्या घोषणांपेक्षा हा कोरडा ग्रंथच मला त्या काळातलं जास्त धाडसी काम वाटतो. कारण बाकीचे ‘जनतेची इच्छा’ म्हणत होते, आणि हा विचारत होता: ठीक, पण ती मोजायची कशी?

त्याचा पहिला निष्कर्ष उमेद वाढवणारा आहे. एखाद्या प्रश्नाला खरं उत्तर एकच आहे आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच पर्याय आहेत असं धरा. प्रत्येक माणूस बरोबर ठरण्याची शक्यता ६० टक्के. एकट्याला विचारलं तर ६०. तिघांना विचारून बहुमत घेतलं तर ६४.८. पाच जणांना विचारलं तर ६८ च्या थोडं वर. एकशे एक जणांना विचारलं तर सुमारे ९८. म्हणजे साधारण अकलेची माणसं पुरेशा संख्येने जमली तर ती शहाण्या राजापेक्षा शहाणी ठरतात. लोकशाहीच्या बाजूने इतका स्वच्छ युक्तिवाद त्याआधी कुणी केला नव्हता. मात्र हीच शक्यता ६० ऐवजी ४० केली की यंत्र उलटं फिरतं: तीन जणांत ३५.२, एकशे एक जणांत जेमतेम २. पूर्वग्रहाने भरलेली मोठी सभा लहान सभेपेक्षा जास्त खात्रीने चुकते. कोंदोर्सेला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर १७९२ च्या एप्रिलमध्ये त्याने सार्वजनिक शिक्षणाचा सविस्तर आराखडा विधानसभेपुढे ठेवला. मताधिकार आणि शाळा त्याच्या लेखी एकाच समीकरणाच्या दोन बाजू होत्या.

आणखी एक अट आहे, आणि सगळं तिथेच फाटतं. प्रत्येक मत दुसऱ्यापासून स्वतंत्र असायला हवं. शंभर जणांनी एकाचंच ऐकून हात वर केला तर ती शंभर मतं नव्हेत, एकच मत शंभरदा मोजलेलं. रूसोलाही हे दिसलं होतं. १७६२ मध्ये त्याने लिहिलं होतं की पुरेशी माहिती असलेले नागरिक आपसात संधान न बांधता मत देतील, तर लहानसहान फरकांच्या बेरजेतून समाजाची खरी इच्छा निघेल, आणि गट पडले की ती निघणार नाही. आता पुन्हा त्या घोडेस्वारी शाळेत या. एकामागून एक, मोठ्याने, गर्दीच्या तोंडावर. शेवटच्या प्रांताच्या सभासदाने सहाशेहून अधिक मतं ऐकलेली, सज्ज्यातल्या टाचण्यांची भोकं कुठवर आलीत तेही त्याला दिसतंय. याला स्वतंत्र मत म्हणायचं असेल तर कोंदोर्सेची तीनशे पानं फाडून टाकलेली बरी. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. लोकांच्या नावाने राजाला मारायला निघालेले प्रतिनिधी लोकांपासून तोंड लपवून मत कसं देणार? प्रतिनिधीचं मत उघडं हवं आणि मतदाराचं गुप्त, ही विभागणी आज आपल्याला सहज वाटते. तेव्हा ती अजून ठरायची होती.

मतदान सुरू होण्याआधी लांज्विने नावाच्या सभासदाने एक हरकत घेतली होती. १७९१ च्या कायद्याप्रमाणे साध्या चोराला दोषी ठरवायलासुद्धा बारापैकी दहा ज्युरी लागत. तिघांनी ‘नाही’ म्हटलं की आरोपी सुटला. मग राजाला निम्म्याहून एक जास्त मताने कसं मारता? निदान दोन तृतीयांश तरी हवेत. ७२१ चे दोन तृतीयांश म्हणजे ४८१. वरचे तीनही आकडे त्याच्या खाली आहेत, ४३३ सुद्धा. क्रांतीतला जहाल नेता दाँतों याने उत्तर दिलं की प्रजासत्ताक स्थापन करताना, अख्ख्या राष्ट्राचं भवितव्य ठरवताना साधं बहुमत पुरलं, मग एका माणसासाठी जास्त कशाला? सभेने लांज्विनेची हरकत बाजूला सारली. दोघांनाही रूसोचा आधार मिळतो, ही यातली गंमत. विषय जितका गंभीर तितका निकाल एकमताच्या जवळ हवा, आणि घाई जितकी जास्त तितकं कमी अंतर चालेल, तातडीच्या वेळी एका मताचंही, असं त्याने एकाच परिच्छेदात लिहून ठेवलंय. राजाचं मरण हे गंभीर की तातडीचं? युद्ध सीमेवर आलेलं, पॅरिस उकळतंय. ज्याला जे हवं ते त्याने उचलावं.

कोंदोर्सेने मात्र हा प्रश्न रूसोसारखा मोघम सोडला नव्हता. निरपराध माणसाला फासावर चढवण्याचा किती धोका समाजाने पत्करावा? शून्य म्हणाल तर कुणालाच शिक्षा देता येणार नाही. म्हणून त्याने मृत्यूची कोष्टकं घेतली आणि शोधलं की रोजच्या जगण्यातला किती धोका माणूस धोका म्हणून मनावरच घेत नाही. आकडा आला १,४४,७६८ मध्ये एक. न्यायाधीश किती हवेत आणि त्यांच्यात मतांचं अंतर किती हवं, हे या आकड्यापासून मागे मोजत यायचं. हे वाचताना अंगावर काटा येतो आणि कौतुकही वाटतं. माणसाच्या जिवाला अपूर्णांकात बसवणारा हा माणूस थंड काळजाचा नव्हता, उलट न्यायाधीश बेफिकिरीने माणसं मारतात याची त्याला चीड होती. मृत्युदंड मुळातच नको असं त्याचं मत, कारण चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही. त्या रात्री तो वर गेला आणि मृत्युदंडाखालोखालची सर्वांत कडक शिक्षा द्या, असं म्हणून खाली आला. गणिताबद्दल काही बोलला नाही. कुणी ऐकलंही नसतं.

आता त्याच्या ग्रंथातला दुसरा निष्कर्ष, ज्यासाठी त्याचं नाव आज टिकून आहे. पर्याय दोनाऐवजी तीन झाले की काय होतं? त्याने साठ मतदारांचं उदाहरण घेतलंय; उमेदवारांना आपण अ, ब, क म्हणू. २३ जणांचा पसंतीक्रम अ-ब-क. १७ जणांचा ब-क-अ. दोघांचा ब-अ-क. १० जणांचा क-अ-ब. ८ जणांचा क-ब-अ. कागद-पेन्सिल घेऊन दोघादोघांची जोडी लावा. अ विरुद्ध ब: ३३ विरुद्ध २७, अ जिंकला. ब विरुद्ध क: ४२ विरुद्ध १८, ब जिंकला. मग अ ने क ला हरवायलाच हवं, नाही का? अ विरुद्ध क: २५ विरुद्ध ३५. क जिंकला. प्रत्येक मतदाराचं डोकं ठिकाणावर आहे, प्रत्येकाचा क्रम सरळ आहे, पण साठ जणांना एकत्र करून ‘समाजाची इच्छा’ काढायला गेलात तर ती स्वतःभोवतीच फिरते.

महाराष्ट्रात पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना हा खेळ नवा नाही. जांभळं स्केच पेन देतात, त्याने नावांपुढे १, २, ३ लिहायचं. टिकमार्क केली की मत बाद, १ हा आकडा दोघांपुढे लिहिला की मत बाद. वैध मतं भागिले दोन अधिक एक हा कोटा. पहिल्या पसंतीत कुणी कोटा गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद, त्याचे गठ्ठे दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायचे, पुन्हा तळाचा बाद. कोंदोर्सेची साठ मतं या पद्धतीने मोजून पाहा. कोटा ३१. पहिल्या पसंतीची मतं अ ला २३, ब ला १९, क ला १८. क बाद. त्याच्या १८ पैकी १० अ कडे, ८ ब कडे. अ ३३, ब २७, अ निवडून आला, गुलाल उधळला. पण साठपैकी पस्तीस जणांना अ पेक्षा क बरा वाटत होता, आणि तो पहिल्याच फेरीत बाहेर फेकला गेला होता. हा मोजणीतला घोटाळा नाही, पद्धत नियमाप्रमाणेच चालली आहे.

कोंदोर्सेचा प्रतिस्पर्धी बोर्दा. नौदलातला अधिकारी, उत्तम गणिती, विज्ञान अकादमीतला सहकारी. त्याचा उपाय सोपा: पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसरीला एक, तिसरीला शून्य. वरच्या साठ मतांत अ ला ५८, ब ला ६९, क ला ५३. ब निवडून आला! कोंदोर्सेचा स्वतःचा उपाय वेगळा होता. वर्तुळ पडलं तर सर्वांत कमी फरकाने लागलेला निकाल सोडून द्यायचा. इथे तो अ-ब मधला ३३ विरुद्ध २७. तो सोडला की ब, मग क, मग अ असा क्रम लागतो. म्हणजे या उदाहरणात दोघांचं उत्तर जुळतं, पण नेहमी जुळतं असं नाही. बोर्दाच्या गुणांनी समोरासमोर सगळ्यांना हरवणारा उमेदवार मागे पडतो, असं दुसरं, एक्याऐंशी मतदारांचं उदाहरण देऊन कोंदोर्सेने त्याला घेरलं. शिवाय गुणांच्या पद्धतीत लबाडीला वाव भरपूर: तगड्या प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटचा क्रमांक द्या. आपली पद्धत फक्त प्रामाणिक माणसांसाठी आहे असं बोर्दा म्हणाल्याचं सांगतात. म्हणाला असेल तर त्याला अकादमीतल्या निवडणुकांचा अनुभव कमी असावा.

राजाच्या मतदानाला ही जोडीची कसोटी लावली तर? सभेने नकळत ती अर्धी लावलीच होती. मैयच्या पुस्तीचा मान राखून १९ जानेवारीला चौथा प्रश्न मतदानाला टाकला गेला: शिक्षा लांबवायची का? ३८० नाही, ३१० हो. म्हणजे ‘आत्ता मृत्यू’ विरुद्ध ‘नंतर मृत्यू’ ही जोडी आत्ताने जिंकली. मृत्युदंड विरुद्ध कैद-बेड्या ही जोडी लावली तर ४३३ विरुद्ध २८८. तेव्हा कोंदोर्सेच्या विरोधाभासाने राजाचा बळी गेला असं म्हणायचा मोह टाळलेला बरा. तिथे वर्तुळ नव्हतं. मृत्युदंड प्रत्येक जोडीत पुढेच होता, फक्त कुठेही साठ-बासष्ट टक्क्यांच्या पलीकडे जात नव्हता. पर्याय कोणता जिंकला हा वाद नव्हताच. किती अंतराने जिंकला म्हणजे माणूस मारता येतो, हा होता, आणि तो प्रश्न मतदानाआधीच साध्या बहुमताने निकालात काढला होता. २१ जानेवारीला सकाळी लुईचा शिरच्छेद झाला.

महिन्याभरातच, १५ आणि १६ फेब्रुवारीला, कोंदोर्सेने नव्या संविधानाचा मसुदा सभेपुढे वाचला. नऊ जणांची समिती होती. दाँतों होता, सिएस होता, आणि फ्रेंच धड न येणारा थॉमस पेन होता. (हाच पेन, ज्याचं मानवी हक्कांवरचं पुस्तक अर्ध्या शतकानंतर पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं. राजाला मारू नका, कैदेत ठेवा आणि युद्ध संपल्यावर हाकलून द्या, असं त्याने सांगितलं होतं. त्याचं भाषण दुसऱ्याने फ्रेंचमधून वाचून दाखवलं.) साडेतीनशेहून अधिक कलमांचा तो मसुदा म्हणजे कोंदोर्सेचं गणित कायद्याच्या भाषेत. साडेचारशे ते नऊशे नागरिकांच्या प्राथमिक सभा. आधी एक फेरी नावं सुचवण्याची, तीतून जागांच्या तिप्पट नावांची यादी. मग अंतिम फेरी, मतपत्रिकेवर दोन रकाने: पहिल्यात सर्वांत लायक वाटणारे, दुसऱ्यात त्यांच्या खालोखालचे. एखादा कायदा पटला नाही तर पन्नास सह्या गोळा करून नागरिकाने आपली सभा बोलवायची. स्वतःचंच जोडी-जोडीचं गणित त्याने इथे वापरलं नाही, ते मोजायला फार किचकट होतं. आणि स्त्रियांना नागरिकत्व द्या असा लेख १७९० मध्ये लिहिणाऱ्या या माणसाच्या मसुद्यात स्त्रियांना मत नव्हतं. ते खटकतं. समितीत किती रेटता येतं याचा हिशेब त्याने केला असेल, पण खटकतं.

मसुदा चर्चेत बुडाला. जूनमध्ये जिरोंदिन, म्हणजे मवाळ गटाच्या, सभासदांना अटक झाल्यावर घाईघाईत दुसरं, आटोपशीर, १२४ कलमांचं संविधान मंजूर झालं आणि थेट जनतेपुढे ठेवलं गेलं. हो की नाही, एवढाच प्रश्न. अठरा लाखांच्या आसपास हो, नाही म्हणणारे जेमतेम बारा हजार. ऑक्टोबरमध्ये शांतता होईपर्यंत ते संविधान स्थगित झालं आणि पुन्हा कधीच लागू झालं नाही. त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं म्हणून जुलैमध्ये कोंदोर्सेवर अटकेचं फर्मान निघालं. पॅरिसमध्ये एका विधवेच्या घरात तो लपून राहिला, आणि मार्च १७९४ मध्ये खोट्या नावाने पकडला जाऊन दोन दिवसांत बूर-ला-रेनच्या कोठडीत मेला. नैसर्गिक मृत्यू की विष, यावर अजून वाद घालतात.

त्या ७२१ मतांची फेरबेरीज आज कुणीही करू शकतो, ती केवळ उघड मतदानामुळे. कोण काय म्हणाला हे सभेच्या इतिवृत्तात नावानिशी उतरलेलं आहे, म्हणून तर ३६१, ३८७ आणि ४३३ हे तीनही आकडे आपल्या हाती लागतात. पहिल्या जाहीर निकालात बिनशर्त मतं ३६६ सांगितली गेली होती. दुसऱ्या दिवशी नावं पडताळल्यावर पाच कमी भरली. आपल्या पदवीधर मतदारसंघात मतपत्रिका गुप्त असते, आणि ती तशीच असायला हवी. निकालाच्या तक्त्यात प्रत्येक फेरीचे आकडे असतात: कोण बाद झाला, कुणाकडे किती मतं गेली, पुढची पसंतीच न लिहिल्यामुळे किती मतं वाटेत संपली. शेवटी उरलेला उमेदवार कोट्याला न पोचताही निवडून येऊ शकतो, तेही त्यात दिसतं. पण विजयी उमेदवाराच्या मतपत्रिकांवर २ आणि ३ कुणापुढे होते, ते कुठेच उतरत नाही, कारण त्या गठ्ठ्यांची सुतळी पुन्हा सोडावीच लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत बाद झालेला एखादा उमेदवार विजेत्याला समोरासमोर हरवू शकला असता का, याचं उत्तर त्या गठ्ठ्यांत असतं. नावं न लावता नुसते पसंतीक्रम मोजून जाहीर केले, अ-ब-क इतके, ब-क-अ इतके, तर गुप्तताही बहुतांशी राहील आणि साठ मतदारांचं ते कोष्टक खऱ्या निवडणुकीवर मांडून बघता येईल. उमेदवार वीस असले की क्रम लाखोंनी होतील आणि विरळा क्रमावरून मतदार ओळखू येण्याची भीती राहील. मग निदान जोडी-जोडीचे आकडे द्यावेत. वीस उमेदवारांच्या जोड्या १९०. मोजणी नाहीतरी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबतेच.